घरच्यांना विचारा

"आता घरचे बोलतील," असं पाळकसाहेबांनी म्हणायचा अवकाश, सगळी मंडळी सरसावून बसली. उपदेशाच्या वेळी डुलक्या काढणारे मागच्या बाकावरचे आजोबासुद्धा टक्क जागे झाले.

या ख्रिस्ती मंडळीची रीतच तशी. एल्डर, म्हणजे मंडळीचा वडीलधारा, निवडायचा तर नुसते हात वर करून भागत नाही. उमेदवाराला पहिल्या बाकावर बसवायचं, आणि त्याच्या घरच्यांनी एकेक करून पुढे येऊन सांगायचं, हा माणूस घरी कसा वागतो. साऱ्या मंडळीची काळजी ज्याच्या हाती द्यायची, त्याने घरात काय दिवे लावलेत ते कळायला नको?

आज पहिल्या बाकावर होती सलूनवाली. बाईमाणूस एल्डर व्हायची ही पहिलीच वेळ. दिवसभर लोकांचे केस कापून ही बाई संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी जायची, बुधवारची प्रार्थना चालवायची. आपण एल्डर व्हावं असं तिला फार वाटत होतं. खोटं कशाला बोला, इतकं वाटत होतं की रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आणि ही पडली, की "बायकांचं हे असंच" म्हणायला चारजण टपून होतेच.

तिला नवऱ्याची भीती नव्हती, लेकीची थोडी होती. खरी धास्ती होती सासूबाईंची.

झालं होतं असं. गुरुवारी प्रार्थनाघराच्या दारात एक माणूस थंडीने कुडकुडत उभा होता. ही तशीच घरी धावली, कपाट उघडलं, सासऱ्यांचा लोकरी कोट काढला आणि त्या माणसाच्या अंगावर घातला. सासरे आता नाहीत. वीस वर्षं याच मंडळीचे एल्डर होते, अजून त्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात. त्या कोटाला सासूबाई रोज ब्रश मारायच्या. त्या घरी आल्या तर हँगर रिकामा! हिने माफी मागितली, पण सासूबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून घरात मिठाची बरणी मागण्यापुरतंच बोलणं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलायच्या बाबतीत महाकंजूष. माइकसमोर उभा राहून खाकरला, म्हणाला, "बरी आहे," आणि परत फिरला. हशा पिकला.

मग दहा वर्षांची लेक. "आई आजाऱ्यांना भेटते तेव्हा खूप छान हसते. मग दमून घरी येते, आणि मग आम्ही तिच्या तावडीत सापडतो."

आता तर लोक पोट धरून हसले. सलूनवालीचे कान लाल झाले, पण तीही हसली. कार्टी खरं तेच बोलत होती!

सासूबाई उठल्या आणि हसणं थांबलं.

"माझ्या माणसाचा कोट हिने देऊन टाकला," त्या म्हणाल्या. "मला न विचारता. दुसऱ्याच्या कपाटातून दानशूर व्हायला काय लागतं?"

संपलं. सलूनवालीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. मागे कुणीतरी "अरेरे" म्हटलं तेही तिला स्पष्ट ऐकू आलं.

"मग ही माझ्या खोलीत आली. मला वाटलं, आता देवाचं नाव पुढे करणार. गरिबाला द्यायला नको का आई, वगैरे. मी उत्तर तयार ठेवलं होतं चांगलं झणझणीत! पण हिने देवाला मध्ये आणलंच नाही. 'चुकलं माझं' म्हणाली आणि बसून राहिली. जा म्हटलं तरी हलली नाही."

सासूबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी गप्प आहे ती रागाने नाही. मला सुचेना काय बोलावं. या घरात मला हे कुणी कधी म्हटलंच नव्हतं. यांना निवडलं तेव्हाही मी इथेच उभी होते. काय सांगितलं मी? देवमाणूस आहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्या. होतेच ते चांगले. पण एवढ्या संसारात एकदाही म्हणाले नाहीत, माझं चुकलं. आणि चुकायचं हो त्यांचं! पुष्कळ चुकायचं!"

पाळकबाईंनी आपल्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आता हात वर करायचेत ना?" सासूबाई म्हणाल्या. "माझा आधी घ्या."

आणि माइक धरलेलाच हात त्यांनी उंच केला. स्पीकर किंचाळला, लोक दचकले, आणि भराभर हात वर गेले. डाव्या बाजूचे, उजव्या बाजूचे, टपून बसलेल्या चौघांपैकी तिघांचेसुद्धा! लेक तर बाकावर चढून दोन्ही हात हलवत होती. पाळकसाहेब मोजायचं सोडून नुसते हसत राहिले.

सलूनवालीला आनंदाने श्वास पुरेना. ती धावत पुढे गेली आणि तिने सासूबाईंना मिठी मारली.

"आई, खरंच चुकलं हो माझं."

"कळलं. पुढच्या वेळी कपाट उघडशील तेव्हा मला हाक मार." सासूबाईंनी माइक खाली ठेवला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबतीत माझ्याही हातून बरंच काही झालंय. पण मलाही नाही येत ते म्हणायला."

सलूनवाली बघतच राहिली.

"बघतेस काय? एल्डर झालीस ना? शिकव."