वीसपैकी तीन

बैलगाडीच्या कडेला खोचलेल्या चार दांड्यांपैकी, उभाऱ्यांपैकी, एक नवी, अजून ओल्या लाकडाची.

भाषा : चाळीसपैकी अडतीस.

तुरीच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, सापडलेला माणसाचा दात.

तर्क : चाळीसपैकी चौतीस.

अकोल्याच्या कोर्टात हिरीबाई शिपायाला विचारते, जिचा नवरा मारला तिनं बसायचं कुठं.

घटना आणि निर्णय : वीसपैकी तीन.

हा शेवटचा आकडा वाचून बबनरावांनी धाकट्या भावाच्या मुस्काटात मारली. शालिग्रामचा ओठ फाटला. रक्त पडू नये म्हणून त्यानं निकालाचा कागद बाजूला धरला.

"इथं नाही," ज्ञानचंद वकील म्हणाले. "तुमी जामिनावर हाये, बबनराव."

वकिलांच्या वाशिमच्या बैठकीत दोन कामं होती. बबनरावांना खुनाच्या खटल्यातून सोडवायचं आणि शालिग्रामला नागपूरच्या कायद्याच्या कॉलेजात घालायचं. त्या कॉलेजनं प्रवेशाला चाचणी ठेवली होती. एखाद्या भागात नापास झालेल्यांना जूनमध्ये आणखी एक संधी. घरात आपला वकील असला की धुऱ्याला कोणी हात लावणार नाही, असं बबनराव म्हणत. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा सोमला, हिरीबाईचा नवरा, त्याच धुऱ्यावर मेला होता. तेव्हा तिथं बबनरावांसोबत शालिग्राम होता. दुसरं कोणी नव्हतं.

प्रश्नपत्रिकेवर त्याच्या खुणा तशाच होत्या. वकिलांनी एकेक पाहिली. सतरा चुका, सतराही एकाच जातीच्या. कोणी कोणाला मारलं की शालिग्रामची खूण 'स्वतःच्या बचावासाठी' यावर.

"सतरा लोक मारले गेले," वकील हसले, "अन् तुह्या मतानं गुन्हेगार एकबी नाही?"

प्रश्न बारा. क ने ख च्या खांद्यावर दांडा मारला. ख खाली पडला. क ने त्याच्या तोंडावर मारलं, मग डोकं फुटेपर्यंत मारत राहिला. क चा गुन्हा कोणता?

इथं पेन्सिलीनं कागद फाटला होता.

"कागदावर हाये तेवढंच वाचायचं, बेटा. ख च्या हाती काठी लिहेल हाये?"

"नाही."

"मंग तू कायले देऊन राह्यला त्याच्या हाती?"

बबनराव खिडकीबाहेर पाहू लागले. वकिलांनी चष्मा पुसला, दुसरी फाईल ओढली आणि सोमलानं आधी काठी कशी उगारली ते शालिग्रामकडून तीनदा वदवून घेतलं. तो एकदा अडखळला, तेव्हा मेजाखालून बबनरावांच्या जोड्याची टाच त्याच्या नडगीवर बसली.

दोन महिने शालिग्रामनं रोज वीस मारामाऱ्या सोडवल्या. डोकी फुटत, आतडी बाहेर येत, तो शांतपणे खूण करी. लिहिलं नाही ते त्याला दिसेनासं झालं.

जून. घटना आणि निर्णय : वीसपैकी वीस. बबनरावांनी त्याला असं आवळलं की बरगडी आठवडाभर दुखली.

चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट, अकोल्याचं कोर्ट. सरकारी वकिलांनी शालिग्रामला विचारलं, सोमलाच्या हातात काय होतं? आरोपीच्या पिंजऱ्यातून बबनराव पाहत होते. हिरीबाई दाराशी, जमिनीवर. शालिग्रामनं ओठावरच्या वणावरून जीभ फिरवली.

जानेवारीतल्या त्या सकाळी सोमलाच्या हातात अर्धी खाल्लेली भाकर होती, तो म्हणाला.