दातांमधला चमचा

शुद्धीवर आल्यावर पहिली जाणीव झाली ती तोंडातल्या रक्ताची. दुसरी, आमच्याकडे पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या चेहऱ्याची. तो माझ्या उशाशी गुडघे टेकून बसला होता, हातात चहाचा चमचा, आणि माझ्यापेक्षा तोच जास्त पांढराफटक पडला होता.

"ताई, दात पडला," तो म्हणाला. "पण जीभ वाचवली."

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते आहे. आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून मला फिट येते. गोळ्या वेळच्या वेळी घेते, त्यामुळे वर्षाकाठी एखादीच. त्या दिवशी ती आली तेव्हा मी बाइंडिंगच्या खोलीत पुठ्ठ्यांच्या थप्पीला टेकून प्रूफ वाचत उभी होते. दोन मिनिटांची फिट. आली तशी गेलीही असती. दात मात्र गेला तो गेलाच. वरचा, अगदी समोरचा.

दातांचे डॉक्टर उरलेला तुकडा काढताना म्हणाले, "चमचा घालायला कोणी सांगितलं त्याला?"

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी बाइंडरला विचारला. जरा जास्तच मोठ्या आवाजात. त्याने एप्रनला डिंकाचे हात पुसले आणि फोन काढला.

"मनचं नाही केलं, ताई. कामाला लागलो तेव्हाच मॅनेजरसाहेब म्हणाले होते, ताईंना फिट येते, लक्ष ठेव. म्हणून वाचून ठेवलं. तो चमचा दोन वर्षं माझ्या खणात होता."

ज्याने माझ्यासाठी दोन वर्षं चमचा जपून ठेवला, त्याच्यावर ओरडायचं तरी कसं! पण संताप तर अंगात भरलेला, तो कुठेतरी काढायलाच हवा. मी फोन हातात घेतला.

मुक्त विश्वकोशातलं फेफऱ्याचं पान होतं ते. कोणालाही वाचता येतं, कोणालाही दुरुस्त करता येतं, असा तो ऑनलाइन कोश. 'प्रथमोपचार' या मथळ्याखाली लिहिलं होतं: 'जीभ गिळली जाऊ नये म्हणून रुग्णाच्या दातांमध्ये चमचा आडवा सरकवाववा व हातपाय घट्ट दाबून धरावेत.' शेवटी संदर्भाचा बारीक आकडाही होता. अगदी रुबाबात.

जीभ गिळता येत नाही. ती खाली पक्की जोडलेली असते. हे मला अकराव्या वर्षी कळलं होतं.

घरी येऊन संगणक उघडला आणि ते वाक्य काढून टाकलं. वीस मिनिटांत ते परत जागेवर! खाली कोणा 'काटेकोर' नावाच्या सदस्याचा निरोप: 'संदर्भ असलेला मजकूर पुराव्याशिवाय काढू नये.'

मी लिहिलं, 'पुरावा माझ्या तोंडात आहे. येऊन बघा.'

त्याचं उत्तर: 'वैयक्तिक अनुभव हा संदर्भ होऊ शकत नाही.'

माझी धाकटी बहीण शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शाळेत शिकवते, त्यामुळे नियम म्हटलं की तिचा जीव तिकडे ओढतो. "अगं, नियमाने त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "उद्या कोणीही उठून काहीही लिहील."

"कोणीतरी उठून लिहिलंच आहे ना! म्हणून तर मला सूप प्यावं लागतंय. तुझा एक दात पाडते, मग नियम शिकव मला!"

"माझ्यावर कशाला खेकसतेस? तो संदर्भ कुठला आहे ते तरी बघ आधी."

हे मात्र खरं होतं. रागाच्या भरात मी आपलं रोजचं कामच विसरले होते. संदर्भावर गेले. एका दैनिकाच्या आरोग्य पुरवणीतला लेख, पाच वर्षांपूर्वीचा. वाचत वाचत चौथ्या परिच्छेदात आले आणि थांबले. तिथेही 'सरकवाववा'. एक 'व' जास्तीचा.

बावीस वर्षांत मी हजारो चुका पाहिल्या. दोन माणसं स्वतंत्रपणे चुकू शकतात, पण एकाच शब्दात, एकाच जागी, एकच जादा अक्षर? हे उतरवून घेतलेलं होतं. प्रश्न एवढाच, की कोणी कोणाचं उतरवलं. विश्वकोशाच्या पानाला 'इतिहास' म्हणून एक भाग असतो. कोणी काय कधी लिहिलं ते सगळं तिथे राहतं. चमच्याचं वाक्य पानावर आलं होतं सात वर्षांपूर्वी, कोणा निनावी माणसाकडून, संदर्भाशिवाय. दैनिकाने ते दोन वर्षांनी छापलं. आणि मग वर्षभराने तोच लेख पुरावा म्हणून पानाला जोडला गेला. म्हणजे खोट्यानेच खोट्याची साक्ष काढली होती.

दुसऱ्या दिवशी दैनिकाला फोन लावला. पुरवणीचे संपादक आवाजाने तरी सभ्य वाटले.

"तेव्हाच्या माणसाने नेटवरून घेतलं असेल हो, बाई. आता पाच वर्षं झाली. जुने लेख कोण वाचतंय?"

"त्या लेखाच्या जोरावर माझा दात पडलाय!"

"असं म्हणता? मग एक पत्र पाठवा. जागा असेल तर छापू."

जागा असेल तर. मी फोन आपटला असता, पण तो माझाच होता.

मग मी पानाच्या चर्चेत सगळं तारखांसकट मांडलं. विशेषणं एकूण एक गाळली. ते फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी 'थर्मामीटर' नावाची एक सदस्या आली. मोठ्या रुग्णालयात वॉर्डची परिचारिका. तिने प्रथमोपचाराच्या तीन मान्य पुस्तकांचे पृष्ठक्रमांकच ठेवले: तोंडात काहीही घालू नये, दाबून धरू नये, झटका थांबला की कुशीवर वळवावं. शेवटी लिहिलं होतं: 'आमच्या वॉर्डात मोडलेले दात नेहमीचे झालेत. आरोग्याची अशी साठेक पानं मी शोधून ठेवली आहेत. भाजल्यावर टूथपेस्ट लावा म्हणणारंही एक आहे. आम्ही तिघीच आहोत. येता का?'

तिच्याखाली काटेकोर आला. 'तो संदर्भ मीच जोडला होता. वाक्याला आधार नाही म्हणून आधार शोधला आणि छापील दिसला तो लावला. लेख कुठून आला हे पाहिलं नाही. माझी चूक. आपली क्षमा मागतो.'

बहिणीने खांद्यावरून वाचलं. "बघ, केवढा सज्जन आहे. दोन गोड शब्द लिही."

मला गोड सुचेना. वाक्य टाकणारा निनावी, छापणारा नोकरी सोडून गेलेला, जोडणारा सज्जन, चमचा घालणारा तर त्याहून सज्जन. सगळे भले, आणि दात माझा! मी लिहिलं, 'क्षमेने पान सुधारत नाही. साठातली वीस पानं तुम्ही घ्या.' त्याने निमूटपणे घेतली. दहा मी घेतली.

आमचं फेफऱ्याचं पान चार दिवसांत नवं झालं. काय करू नये ते सगळ्यात वर असावं, यासाठी मी हटून बसले. घाबरलेला माणूस खालपर्यंत वाचत नाही. ते पान छापून बाइंडरपुढे ठेवलं. त्याने बोट फिरवत सावकाश वाचलं.

"म्हणजे मी नुसतं बसायचं?"

"डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हलवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर अँब्युलन्स बोलवायची."

"आणि चमचा?"

"चहात घाल."

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "ताई, माझ्या मेहुणीच्या पोराला येते फिट. मीच सांगितलं होतं तिला चमच्याचं." आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने तिला फोन लावला. आवाज चढवून, दोनदा, तीनदा समजावत राहिला. पलीकडून ती काहीतरी वाद घालत असावी, कारण शेवटी तो ओरडला, "अगं, पुस्तकाचा पान नंबर देतो तुला!"

दैनिकाने दुरुस्ती अजून छापलेली नाही. मी दर सोमवारी फोन करते. परवा संपादक वैतागून म्हणाले, "एका चमच्यासाठी किती चिडता हो, बाई!" मी त्यांना त्या मेहुणीच्या पोराचं वय सांगितलं. सहा. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.