पाखरं हाकणारा दोर

मित्रांनो, निलंग्याच्या पुढे, ओढ्याकाठच्या ज्वारीच्या रानावर मी सध्या टांगलेला आहे. लाल-पिवळ्या फिती ओवलेला मी एक जुना दोर. रानाची मालकीण पार्वतम्मा, तिने मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा गाठ दातांनी ओढली आणि थू थू करत म्हणाली, "अगं बाई, खारट हाय की हे!" खारट असणारच. माझं उभं आयुष्य समुद्रावर गेलं.

एका दूरच्या बंदरात, दोर वळणाऱ्या कारखान्यात मी जन्मलो. तिथून मला टूना मासे धरणाऱ्या जहाजावर पाठवलं. ते जहाज जाळं टाकत नसे. ते मैलोन्‌मैल लांब दोरी पाण्यात सोडी. त्या दोरीला हजारो गळ लोंबत आणि प्रत्येक गळाला आमिष लावलेलं असे. दोरी बुडेपर्यंत आमिष थोडा वेळ वरवर तरंगे. तेवढ्यात अल्बाट्रॉस पक्षी त्यावर झडप घालत. गळ घशात रुते, दोरी खाली जाई आणि पक्षीही तिच्याबरोबर पाण्यात ओढला जाई. माझं काम एवढंच, की जहाजामागे उंच खांबावरून हवेत लांब पसरून राहायचं. माझ्या फिती फडफडल्या की पक्षी बिचकून दूर राहत.

अल्बाट्रॉसचे पंख केवढे म्हणून सांगू! पार्वतम्माच्या दारातली बाज झाकून उरतील एवढे. नर-मादी मिळून एकच पिल्लू वाढवतात. एक चारा आणायला जातो, एक जवळ बसतो. जाणारा गळाला लागला की उरलेल्या एकट्याला काही दोघांचा चारा आणवत नाही. मग दूरच्या बेटावर ते पिल्लू चोच उघडून बसतं, आणि बसूनच राहतं.

हे मला अमरेशमुळे कळलं. अमरेश पार्वतम्माचा मुलगा. उदगीरला मत्स्यशास्त्र शिकला आणि आमच्या जहाजावर निरीक्षक म्हणून आला. गळाला काय काय लागतं ते बघणं त्याचं काम. कप्तान त्याची चेष्टा करी.

"तुझ्या गावातून समुद्र दिसतो का रे?"

"लातूरहून रेल्वेत रात्रभर झोपलं की सकाळी दिसतो."

"मग तुला काय कळतं यातलं?"

"ज्वारी राखत मोठा झालोय, साहेब. पाखरू हाकायला मला शिकवू नका."

सगळे खलाशी हसले. पण कप्तानाला माझा कंटाळा होता. वारा फिरला की मी गळांच्या दोरीत गुंतायचो आणि मग गुंता सोडवण्यात वेळ जायचा. एके दिवशी तो चिडून म्हणाला, "काढा तो दोर! ते समोरचं जहाज बघा. त्यानं कुठं लावलाय?"

अमरेशने मला काढू दिलं नाही, पण त्या जहाजाने खरंच दोर लावला नव्हता. आणि मला बिचकलेले सगळे पक्षी त्याच जहाजामागे घिरट्या घालत होते. मी माझं काम चोख करत होतो, तरी पक्षी मरत होते. त्या दिवशी माझ्या फिती फडफडल्या खऱ्या, पण मला त्यांची लाजच वाटली.

मित्रांनो, पक्ष्याचं घरटं एका देशाच्या बेटावर असतं, चारा दुसऱ्या देशाच्या पाण्यात, आणि मरण तिसऱ्याच देशाच्या गळावर. म्हणून पुष्कळ देशांनी एकत्र बसून ठरवलं, की अल्बाट्रॉस फिरतात त्या दक्षिणेकडच्या समुद्रात गळ सोडणाऱ्यांनी पक्षी वाचवायचे उपाय करायचेच. अमरेश त्याला 'सावड' म्हणायचा. तुझ्या रानात माझे बैल, माझ्या रानात तुझे. "पण सावडीतला एकजण आलाच न्हाई, तर दुसऱ्याचं रान पडून राहतं," असं तो माझ्या गाठी सोडवताना पुटपुटायचा.

पुढे माझ्या फिती विरल्या. खलाशी मला पाण्यात फेकायला निघाले. "फेकलेला दोर कासवाच्या मानेला बसतो," म्हणून अमरेशने अडवलं आणि मला घरी आणलं.

इकडे ज्वारी पेरणारे थोडेच उरले आहेत. जिकडे तिकडे सोयाबीन आणि ऊस. मग साऱ्या शिवारातली पाखरं उरलेल्या दोन-तीन रानांवर तुटून पडतात. "यंदा पाखरांनी खाल्ली तर ज्वारी बंद, ऊस लावायचा," असं अमरेशने आईला बजावलं होतं. पार्वतम्माला घरची भाकरी हवी होती, म्हशीला कडबा हवा होता. तिने माझ्यात नव्या लाल-पिवळ्या फिती ओवल्या आणि मला रानावर आडवंतिडवं ताणलं. कणसात दूध भरलं, तरी एक पाखरू खाली उतरेना. ती गावभर सांगत सुटली.

थोड्याच दिवसांत बांधापलीकडून तिचा चुलत दीर संगप्पा ओरडला, "वैनी, तुमचा दोर लई गुणाचा हाय! तुमची बी पाखरं माझ्याकडं पंगतीला धाडतोय!"

"मग तू बी बांध की काहीतरी. तुझी पाखरं मी का राखू?"

त्याने नायलॉनची बारीक जाळी बांधली. दुसऱ्या सकाळी तिच्यात चिमण्या लटकत होत्या, आणि मधोमध एक पिंगळा, पंख पिळवटलेला.

"अरे, तुझ्या रानातले उंदीर खातो हा! ह्याला का टांगलास?" पार्वतम्मा धावली.

"मी कुठं बोलावला? जाळी चिमण्यांसाठी होती. हा मधीच आला."

जहाजावर एकदा गळाला लागलेल्या कासवाबद्दल कप्तान अगदी असंच बोलला होता. अमरेशने एकेक धागा कापला. पिंगळा त्याच्या ओंजळीत थोडा वेळ धडधडला, मग थांबला.

संगप्पा खाली बघत म्हणाला, "काढतो जाळी. पण गोफण घेऊन दिवसभर उभं राहायला माझे गुडघे साथ देत न्हाईत."

पार्वतम्माने विळा घेतला, मला मधोमध कापलं आणि अर्धा तुकडा संगप्पापुढे टाकला.

"माय, अर्धा दोर पुरंल का?" अमरेश म्हणाला.

"न पुरू दे. बांधालगतच्या चार ओळी पाखरांना सोडू. बाकीची राखण सावडीनं. सकाळी मी, दुपारी तू. संगप्पानं खाटंवर बसून डबा वाजवावा."

"खाट मी आणतो, पण डबा वैनीचाच. माझा फुटका हाय," संगप्पा म्हणाला आणि जाळी गुंडाळू लागला.

पण पाखरं कुठे जाणार? ती ओढ्यापलीकडे शेषेरावच्या ज्वारीवर उतरली, आणि आज तिथे नवी जाळी चमकते आहे. त्याला जाळी काढ म्हणून सांगायला पार्वतम्मा आणि संगप्पा मघाशी तिकडे निघाले. वाटेत दोघांचं भांडण चाललं होतं, आधी कोण बोलणार यावरून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार नाही. मला कापा, वाटा, विरेपर्यंत वापरा. फक्त आपल्या रानातलं पाखरू दुसऱ्याच्या जाळीत ढकलून आपण राखण केली असं म्हणू नका. शेषेराव ऐकेल का, मला ठाऊक नाही. तो हो म्हणाला तर माझे आणखी तुकडे पडतील, आणि मग मी कोणाच्याच रानाला धड पुरणार नाही. तरी त्याने हो म्हणावं.