बुधवार कुणाचा

न्हाव्याला त्याच्या ताईने बजावून पाठवलं होतं, "कागदावर सही करू नकोस. जो आधी सही करतो त्याचं मूल जातं." ताईचा कोर्टाशी संबंध शेजारणीच्या भावजयीच्या खटल्याच्या ऐकीव गोष्टींपुरताच, पण ती बोलायचीच अशी ठासून, की ऐकणाऱ्याला तो कायदाच वाटावा.

म्हणून वकीलबाईंच्या खोलीत तो हाताची घडी घालून बसला. शेजारच्या खुर्चीत बायको. ती शाळेची बस चालवायची आणि चार महिन्यांपासून आठ वर्षांच्या लेकीला घेऊन शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहत होती. भांडून भांडून दोघांचेही घसे बसले होते. वेगळं व्हायचं, यावर मात्र एकमत होतं. बऱ्याच वर्षांत कशावर झालेलं ते पहिलंच.

"सही का नको?" वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"मी लेकीवर पाणी सोडायला आलेलो नाही."

"ते कोण सोडायला सांगतंय? नवरा-बायकोचं नातं कायद्याने मोडता येतं. बाप-लेकीचं मोडायला इथं कुणी बसलेलं नाही. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहणार, एवढंच. शाळा, दवाखाना, मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, असं या मसुद्यात लिहिलंय. न्यायाधीश मुलीचं हित बघतात. आधी सही कोणी केली, हे कुणी विचारत नाही."

हाताची घडी जरा सैल झाली.

"मग शनिवार-रविवार मला मिळतील?" त्याने चाचरत विचारलं.

"ते लिहिलेत," बायको म्हणाली. "बाई, मंगळवारची रात्रही घाला. बुधवारी याचं दुकान बंद असतं, सकाळी हाच तिला शाळेत सोडेल."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने पर्स उगाच उघडली, मिटली. "मी घातलेल्या तिच्या वेण्या मधल्या सुट्टीआधीच सुटतात. परवा म्हणाली, आई, तू आपली बस चालव, वेणी बाबाला घालू दे."

वकीलबाई ओठ चावून हसू आवरत लिहू लागल्या.

"मोठ्या सुट्टीत पहिले पंधरा दिवस तुझे," तो घाईने म्हणाला. "तिला आजोळी जायचं असतं."

"पुढे काही बदलावंसं वाटलं तर कोर्टाला सांगून अटीही बदलता येतात," वकीलबाई म्हणाल्या. "ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही."

त्याने सही केली. पेन तिच्याकडे सरकवलं.

मंगळवारी संध्याकाळी लेक दप्तर आणि पिशवी घेऊन आली. तिने आधी कपाट उघडलं, मधला खण निरखून पाहिला आणि त्यातले त्याचे शर्ट काढून त्याच्या हातात दिले.

"हा माझा," ती म्हणाली.

तो शर्टांचा गठ्ठा कवटाळून उभा राहिला आणि हसत सुटला. खुंट्या दोनच होत्या, शर्ट सात.