रिकाम्या नावाची मुलगी

"अगं तेजल, एखादं रिकामं नावही पाठवून बघ," असं प्रोग्राम लिहिणाऱ्या ललितनं तिला मागेच सांगितलं होतं. तेव्हा तिला सातवा महिना होता. सातपूरच्या पत्र्याच्या ऑफिसात पंखा नुसताच घरघरत होता. ती हसून म्हणाली होती, "बिननावाचं माणूस असतं का रे कधी?"

काम तसं सरळ होतं. पेठ तालुक्यात कमी वजनाची बाळं जन्मली की त्यांच्या नावांची यादी कॉम्प्युटरवर भरली जायची. प्रोग्रामनं ती नावं एका लांबलचक ओळीत गुंफायची, फोनच्या तारेवरून नाशकात पाठवायची आणि इथं पुन्हा सुटी करायची. त्या नावांवरून नर्स घरोघर जाणार. आत गेलेली नावं जशीच्या तशी बाहेर येतात का, एवढं तेजलनं तपासायचं.

मग तिला मुलगी झाली. आत्याला रजा मिळेना, बारसं लांबत गेलं. दीड महिना पोर नुसती 'बाळी' होती. बिननावाची, पण भूक लागली की घर डोक्यावर घेणारी.

रजेवरून परतल्याबरोबर तिनं यादीत एक रिकामं नाव घातलं. बाकीची सगळी परत आली, ते तेवढं आलं नाही. तिनं लगेच जाऊन सांगितलं.

मालक नवनाथ सर मात्र निवांत. "सोपंय मॅडम. रिकामी नावं गुंफायच्या आधीच काढून टाका. मग आत जाईल तेच बाहेर येईल. टेस्ट पास!"

"अहो सर, ती बाळं आहेत."

"नाव ठेवलं की येतील यादीत. सोमवारी प्रोग्राम सुरू करायचाय."

ललितनं मान खाली घालून दोन ओळी लिहिल्या. स्क्रीनवर हिरवं 'पास' उमटलं. सरांनी पेढे वाटले. तेजलच्या टाळूला तो तुपकट गोळा चिकटला, गिळवेना. बेसिनपाशी जाऊन ती थुंकली, चूळ भरली, तरी तोंडाचा ओशटपणा जाईना.

ललित मागं आला. "मी सांगितलं होतं तुला."

"हो. आणि आज काढून कुणी टाकलं?"

प्रोग्राम सुरू झाला. पेठहून आलेली मूळ नोंद तिनं उघडून पाहिली. आई गोजराबाई, आंबेपाडा. मुलगी. वजन दीड किलो. नावाची जागा कोरी. तिनं नर्सच्या ऑफिसात फोन लावला.

"यादीत नाय मॅडम. बाळाचं नाव काय?" तिथला क्लार्क म्हणाला.

"अजून ठेवलेलं नाही."

"बिननावाचं कुठं शोधू?" तो हसला. अगदी तिच्यासारखंच हसला. तिला त्याची किळस आली, आणि स्वतःचीही.

रविवारी सुट्टीला ती स्वतः तिकडे जाणारच आहे. पण दीड किलोच्या जिवाला रविवार फार लांब. म्हणून पेठच्या एसटीत चढणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही सांगतेय: त्या बाजूला जाणार असाल तर आंबेपाड्याला उतरा. गोजराबाईचं घर विचारा. मुलीचं नाव विचारू नका. ती दूध ओढते का, तेवढं बघा.