अर्जातला कोरा रकाना

नोकरीच्या अर्जात 'अपंगत्व आहे का?' असा एक रकाना असतो. मी अकरा ठिकाणी तिथे खरं लिहिलं आणि अकराही ठिकाणांहून साधा फोन आला नाही. बारावा अर्ज अकोल्याच्या एका बियाण्यांच्या दुकानाचा होता. काम कंप्युटरवर बसून करायचं, म्हणजे पायाचा संबंधच नाही.

"या खेपी तो रकाना कोराच ठेव," आई म्हणाली. माझी आई पार्बताबाई आमच्या शहरातल्या राजापेठेत भाजी विकते. "किडकं वांगं आपन पाटीत वर ठेवतो का?"

"म्हणजे मी किडकं वांगं?"

"तू चांगलंच वांगं हायेस बाई. पन लोकं देठच पाहून राहिले, त्याले मी काय करू?"

रागच आला, पण रकाना कोरा ठेवला. चौथ्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. माझा डावा पाय गुडघ्याखाली नकली आहे. तो कळू नये म्हणून नवे बूट घेतले, चांगले घट्ट.

अकोल्याला पोचले, तर दुकानाच्या दाराशी चपलांचा ढीग. आत गादीवर मालक खुशालराव, मागे लक्ष्मीचा फोटो. गादीपाशी पायताण काढून जायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मुलाखतीच्या नादात मीच विसरले होते. उजवा बूट निघाला, डावा निघेना. भिंतीला टेकून जोर लावला, तर बुटासकट पायच हातात आला.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खुशालरावांनी उठून खुर्ची आणून दिली आणि मी पाय बसवेपर्यंत ते माझा अर्ज वाचत बसले.

"हे लिवलं काहून नाही?"

"लिवलं असतं तर बोलावलं असतं का तुमी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नसतं बोलावलं."

मला रागही आला आणि बरंही वाटलं. खरं बोलणारा हा बारा जणांतला पहिलाच.

"आन् आता?"

"आता तू समोर बसून हायेस. कागदाले नाही म्हनता येते, मानसाले कसं म्हनू?"

मग त्यांनी तासभर कंप्युटरवर काम करून घेतलं, दोन चुका काढल्या आणि म्हणाले, "सोमवारपासून ये. पन आधी तो रकाना भर."

मी 'होय' लिहिलं. खाली विचारलं होतं, 'कामात कशाची अडचण येते?' जरा विचार करून लिहिलं, 'बूट काढण्याची.'

सोमवारी गेले, तर दाराशी चपलांच्या ढिगाशेजारी एक स्टूल ठेवलेलं होतं.