मटणाच्या डब्यापायी मारलेला माणूस

मेलबर्नच्या त्या लांबलचक लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा कायदा होता. डँडेनॉन्ग उपनगरातली आमची मराठी मंडळी पार कोमेजली, म्हणून दर रविवारी दुपारी मी झूमवर गोष्ट सांगू लागलो. माझ्या गोष्टी कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक. शिंकला की नाकातून सोन्याची भुकटी उडवणारा कांगारू मी कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीपाशी स्वतः पाहिलाय, आणि हे मी न हसता सांगू शकतो.

कांगारू संपले तेव्हा शेजारची न्यानडेंग मदतीला आली. ती दक्षिण सुदानची, वृद्धाश्रमात काम करते. आमच्या गप्पा कुंपणावरून, मास्क लावून, इंग्रजीत. तिचे वडील माजोक युद्धात मदतीच्या ज्वारीच्या गोदामाचे राखणदार होते. एक कॅप्टन आला आणि म्हणाला, किल्ली दे, नाहीतर तुझी पोरं सीमेपलीकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढणार नाहीत. माजोकनी किल्ली दिली. पोरं चढली. ज्वारी काळ्या बाजारात गेली आणि गावची रांग उपाशी राहिली.

"आमचा ट्रक निघताना ते त्याच रांगेत रिकामं भांडं घेऊन उभे होते," न्यानडेंग म्हणाली. "त्यांनी काय केलं ते लोकांना माहीत होतं. तरी कुणी त्यांना रांगेबाहेर ढकललं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तसं. ही गोष्ट सांगा अंकल, पण किल्ली दिली तेही सांगा आणि रांगही सांगा."

"नो वरीज," मी म्हणालो.

आता आमच्या झूमची एक खोड सांगतो. गोष्टीत पुढे काय व्हावं याची फर्माईश यायची, आणि फर्माईशीबरोबर दाराशी डबा. मंडळीतल्या मंजिरीच्या श्रीखंडावर मी गोष्टीतल्या एका नर्सचं लग्न लावून दिलं होतं. माजोकची गोष्ट सुरू झाली, गोदाम आलं, कॅप्टन आला, आणि मधल्या आठवड्यात मुरलीधरचा फोन.

"काका, असल्या लाचखाऊ राखणदाराला सोडायचा नाही हं! गोळी घाला. आणि दार उघडा, मटण ठेवलंय. गरम आहे तोवर खा."

खाल्लं. रविवारी माझा माजोक ढेरपोट्या झाला, ढेकरा देत पोती विकू लागला आणि शेवटी भिंतीशी उभा राहून मेला. मंडळी पोट धरून हसली. रांगेचं नावसुद्धा मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून प्रश्न आला. "सांगितलंत?"

"सांगितलं की."

"रांग?"

"रांगेला तर सगळे रडले गं."

मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले. "मला ते चेहरे बघायचेत. या रविवारी येऊ?"

माझी सून सुखदा मागे कोथिंबिरीला पाणी घालत होती. आदल्या दिवशी झूमच्या वेळी ती शिफ्टला होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. "ये ना! लिंक पाठवते," ती म्हणाली.

मग मी काय केलं असेल? सुखदाने केलेले बेसनाचे लाडू पिशवीत भरले आणि फिरण्याच्या नावाखाली दारोदार ठेवत सुटलो. फोनवर सगळ्यांना एकच विनवणी: बाई येतेय, तिच्या वडिलांना चांगलं म्हणा.

"म्हणजे मेलेल्याला उठवायचं?" मुरलीधर म्हणाला. "तुमच्यासाठी काय वाटेल ते, काका. लाडू फर्स्ट क्लास!"

रविवारी न्यानडेंग चर्चला जाताना बांधते तो निळा रुमाल बांधून पडद्यावर आली. मंजिरीने हात जोडले. "फार थोर माणूस होते हो तुमचे वडील."

मुरलीधरला तेवढं पुरेना. "सिंह! साक्षात सिंह!" तो इंग्रजीत गरजला. "कॅप्टनला तोंडावर सांगितलं, जीव घे, किल्ली देणार नाही!"

न्यानडेंगचं हसू तिथेच थांबलं.

"दिली," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी किल्ली दिली. अंकलनी सांगितलं नाही?"

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मुरलीधरने स्वतःला म्यूट केलं. सुखदा माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"आणि रांग?" न्यानडेंगने मला विचारलं.

"नाही सांगितली."

"मग तुमच्या गोष्टीत त्यांना रांगेत उभं कुणी राहू दिलं?"

"कुणीच नाही. गेल्या रविवारी मी त्यांना गोळी घातली. लोक हसावेत म्हणून." मटणाचं सांगायला जीभ वळेना. मग तेही सांगितलं.

मला वाटलं, आता तिची चौकट काळी होणार.

"आता सांगा," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत. मला कळणार नाही. मी चेहरे बघेन."

मी सुरू केलं. कॅप्टनला मिशा लावाव्यात, ट्रकला पंख फोडावेत, असं काही सुचलंच नाही. गोदाम, किल्ली, ट्रक. किल्ली दिली असं म्हणालो तेव्हा मंजिरीने पदर तोंडाशी नेला. रांगेत उभा असलेला माजोक आला आणि मी तिथेच थांबलो. जन्मभर थापा कशा सळसळत आल्या, आणि हे एक साधं वाक्य काही पुढे सरकेना.

मुरलीधरने म्यूट काढला. "काका, मग? रांगेत राहू दिलं का हो त्यांना?"

न्यानडेंग पडद्याजवळ वाकली होती. माझ्याकडे नाही, मुरलीधरच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दिलं," मी म्हणालो.